जुन्या चित्रकथांचा संग्रह : सुरुवात आणि जपणूक

रद्दीच्या तराजूत एकदा गेलेला वेताळाचा अंक सहसा परत हाती लागत नाही. चित्रकथा म्हणजे मुलांनी वाचून टाकून देण्याची वस्तू, असाच समज घरोघरी होता. त्यामुळे हजारोंनी छापलेल्या मराठी अंकांपैकी आज जे उरले आहेत, ते बहुतांशी कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत. संग्रहाची सुरुवातही तिथूनच करावी.

सगळेच जमवायला निघालेला संग्राहक लवकर थकतो. एक मालिका, एक नायक किंवा एक चित्रकार निवडणे सोयीचे. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली 'इंद्रजाल कॉमिक्स' १९९० मध्ये बंद पडली. तोवर आठशेहून अधिक अंक निघाले होते. वेताळ, मँड्रेक आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी जन्माला घातलेला बहादूर हे त्यातील लोकप्रिय नायक. सुरुवातीची अनेक मुखपृष्ठे बी. गोविंद यांची आहेत आणि केवळ त्यांच्यासाठी अंक शोधणारे रसिकही आहेत.

इंद्रजालच्या आरंभाशी संबंध असलेल्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा' उभी केली. येथे नवशिक्याची हमखास फसगत होते. राम वाईरकर यांनी चितारलेल्या 'कृष्ण' या अंकाचा क्रमांक ११ आहे, कारण आधीचे दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांचे होते. शिवाय या मालिकेच्या अंकांची वारंवार पुनर्मुद्रणे झाली. केवळ क्रमांक पाहून 'पहिली आवृत्ती' म्हणून पैसे मोजू नयेत. मुद्रणवर्ष, छापील किंमत आणि मलपृष्ठावरील जाहिराती पडताळून पाहाव्यात. आरंभीच्या अंकांत खर्च वाचवण्यासाठी पिवळा, निळा व हिरवा एवढेच रंग वापरले जात. हीही एक खूण. मुखपृष्ठ रंगीत झेरॉक्सचे लावलेले नाही ना, याची खात्री भिंगातून करावी.

माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे पदपथावरील विक्रेते, बंद पडणारी वाचनालये आणि ओळखीचा रद्दीवाला ही खरेदीची ठिकाणे. मधले पान फाटलेले नाही ना, हे पाहिल्याखेरीज घासाघीस सुरू करू नये.

जपणूक हे मात्र खरे कष्टाचे काम. हे अंक स्वस्त, लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदावर छापलेले आहेत. त्यातील लिग्निन उजेडाने व उष्णतेने कागद पिवळा, मग ठिसूळ करते. त्यात मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते. कागदाला मानवते ती साधारण ५० टक्के. बुरशी, कसर आणि गंजलेल्या पिना हे तिचेच परिणाम. गंजलेली पीन हलक्या हाताने काढून टाकावी व त्याच छिद्रांतून सुती दोरा ओवावा.

प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे नव्या शर्टाच्या वेष्टनासारख्या कुरकुरीत पिशवीत, मागे आम्लविरहित पुठ्ठा घालून ठेवावा. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी पिशव्या वर्ज्य. कपाट ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. निळ्या सिलिका जेलचे दाणे गुलाबी झाले की बदलावेत. पावसाळा संपल्यावर अंक एकदा बाहेर काढून सावलीत वारा द्यावा, उन्हात कदापि नाही. भिजलेल्या अंकाच्या पानांत टीपकागद घालून तो पंख्याखाली वाळवावा.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणे हा प्रेमापोटी होणारा सर्वांत मोठा अपराध. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन चित्रातच उतरतो. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ हा सुरक्षित उपाय. लॅमिनेशन तर नकोच. ते पुन्हा काढता येत नाही.

एका वहीत क्रमांक, भाषा, मुद्रणवर्ष, अवस्था आणि खरेदीची किंमत नोंदवावी. दुबार प्रतींची अदलाबदल करताना हीच वही उपयोगी पडते. घरच्यांनाही ती कुठे ठेवली आहे, ते सांगून ठेवावे. दिवाळीची साफसफाई संग्राहकाला विचारून होत नाही.