छावणीची बाटली आणि तिच्यातले गुपित

कन्हान नदीच्या काठी १८२१ साली कामठीची लष्करी छावणी वसली, तेव्हा पटकीची धास्ती ताजी होती. १८१७ च्या नोव्हेंबरात बुंदेलखंडात तळ देऊन असलेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या सैन्यात या रोगाने हाहाकार माजवला होता. सकाळी कवायतीला उभा असलेला शिपाई सायंकाळी मातीआड जाई, आणि सर्जनच्या पेटीत त्यावर खात्रीचा उतारा नसे.

या भीतीच्या पोटी एक प्रसिद्ध औषध जन्मास आले. भारतातील लष्करी सेवेत असताना डॉ. जॉन कॉलिस ब्राऊन यांनी १८४८ मध्ये क्लोरोडाइन तयार केले. अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म हे त्यातील मुख्य घटक. १८५६ मध्ये लष्कर सोडून त्यांनी डॅव्हनपोर्ट या लंडनच्या औषधविक्रेत्याशी करार केला. लवकरच फ्रीमन नावाचा प्रतिस्पर्धी उभा राहिला. १८६४ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी ब्राऊन हेच जनक असल्याचे मत दिले, आणि ते मत पुढे कित्येक वर्षे जाहिरातींत छापले गेले. न्यायासनाचाही असा उपयोग होतो!

क्लोरोडाइनने पोटातील कळा थांबत, जुलाब मंदावत, रुग्णाला गुंगी येई. परंतु पटकीचा रोगी दगावतो तो अंगातील पाणी व क्षार निघून गेल्याने, आणि त्या हानीवर बाटलीत काहीच नव्हते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या साध्या पाण्याने हजारोंचे प्राण वाचवले, त्यासाठी ना गुपित लागले ना शिक्का.

'पेटंट औषध' हे नावच मुळी फसवे. खऱ्या पेटंटासाठी कृती जाहीर करावी लागते, आणि बहुतेक कारखानदारांना नेमके तेच नको होते. म्हणून ते नाव, लेबल आणि बाटलीचा आकार जपत, आतला ऐवज मात्र झाकून ठेवत. इंग्लंडात १७८३ पासून अशा औषधांवर कर होता व बाटलीवर सरकारी तिकीट चिकटवलेले असे. खरेदीदार भाबडेपणाने त्या तिकिटालाच सरकारची हमी समजत. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 'सीक्रेट रेमेडीज' या पुस्तकात अशा अनेक औषधांचे पृथक्करण छापले. कित्येकांत स्वस्त आणि सामान्य पदार्थच निघाले.

म्हणून संग्राहकाच्या हाती आलेली रिकामी बाटली हा एक दस्तऐवजच असतो. काचेवरील साच्याची शिवण प्रथम पाहावी. ती ओठाच्या खाली थांबत असेल तर तोंड बहुधा हाताने घडवलेले असते. ओठावरून पार गेली असेल तर बाटली यंत्रावरची. ओवेन्स यांचे स्वयंचलित यंत्र १९०३ नंतर प्रचारात आले. फिकट हिरवट-निळी झाक वाळूतील लोहामुळे येते. लेबल मात्र कधीही धुऊ नये. चकचकीत काचेच्या मोहापायी कागद गेला की साक्षीदाराची जीभच कापली जाते.

परदेशी कंपन्यांना नावे ठेवताना आपले घरही पाहावे. अमेरिकेत १८४९ पासून मिसेस विन्सलो यांच्या सिरपातून तान्ह्या मुलांना मॉर्फीन पाजले जाई. इकडे मुंबईच्या गिरणगावातील कष्टकरी आया कामावर जाताना बाळाला अफूची बाळगोळी चाटवीत. त्या मातांना दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. दहा-बारा तासांच्या पाळीत मूल सांभाळणार कोण, या प्रश्नाचे उत्तर गिरणीमालकाकडेही नव्हते.

देशी उद्योगही याच काळात उभा राहिला. १८९३ मध्ये मुंबईत नागेश्वरराव यांनी अमृतांजन काढले. १९०८ मध्ये तळेगावला पैसाफंडाचा काच कारखाना निघाला आणि १९१६ मध्ये ओगलेवाडीस ओगले बंधूंचा. पुढे १९४० च्या औषध कायद्याने घटक झाकण्याच्या वृत्तीला आवर घातला व १९५४ च्या कायद्याने चमत्काराच्या जाहिरातींना.

कामठीत अशा बाटलीचा अभ्यास कोणी हाती घेतलाच, तर त्याने ती कोठे मिळाली हे प्रथम टिपून ठेवावे. मग छावणीतील चर्चच्या जुन्या दफन-नोंदवह्या उघडाव्यात. जेथे मृत्यूचे कारण लिहिलेले असेल, तेथे पटकीची वर्षे एका बाजूस मांडावीत आणि काचेवरून ठरलेला बाटलीचा काळ दुसऱ्या बाजूस. विक्रेत्याच्या जाहिरातीत नसलेली माणसे तेथे नावानिशी, वयानिशी भेटतात, बरीचशी विशी-पंचविशीतली.