सागरी वायुदाबमापक : एक सन्मानवस्तू

सागरी वायुदाबमापक : जहाजावर हवेचा दाब मोजून वादळाची चाहूल घेण्याचे उपकरण. जहाजांवरून उतरल्यानंतरही, विशेषतः ब्रिटनमध्ये, लोकसेवेच्या गौरवार्थ ते भेट दिले जाई. नांदेड-लातूरसारख्या समुद्रापासून दूरच्या, उंचावरच्या भागात असे उपकरण आल्यास त्याचे वाचन दुरुस्त करूनच अर्थ लावावा लागतो.

रचना : इव्हांजेलिस्ता तोरिचेल्ली यांनी १६४४ मध्ये पाऱ्याच्या नळीच्या प्रयोगाचे वर्णन केले. हवेच्या दाबानुसार नळीतला पारा चढतो-उतरतो. जहाज डोलू लागले की पाराही हिंदकळतो आणि वाचन घेता येत नाही. लंडनचे उपकरणकार एडवर्ड नेर्न यांनी नळीचा काही भाग अगदी अरुंद करून हा दोष आटोक्यात आणला. त्यांचे उपकरण कॅप्टन कुक यांच्या दुसऱ्या सफरीवर (१७७२–७५) होते. जहाज कलले तरी नळी उभी राहावी म्हणून उपकरण फिरत्या दुहेरी कड्यांत टांगत. १८४४ मध्ये फ्रान्सच्या ल्यूसियाँ व्हिदी यांनी निर्द्रव वायुदाबमापक बनवला. त्यात पाऱ्याऐवजी निर्वात केलेली धातूची पातळ डबी असते. दाबाने ती आकसते किंवा फुगते आणि काटा फिरतो. पितळी तबकडीची जी जुनी उपकरणे घरांच्या भिंतींवर दिसतात, ती बहुधा याच प्रकारची असतात.

सेवेशी नाते : ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्याजवळ वादळात फुटले आणि चारशेहून अधिक माणसे बुडाली. ब्रिटिश हवामान विभागाचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांनी त्यानंतर वादळाच्या पूर्वसूचनांचा आग्रह धरला आणि १८६१ पासून बंदरांना इशारे जाऊ लागले. गरीब मच्छीमारांना निघण्यापूर्वी दाब पाहता यावा म्हणून बंदरांवर सार्वजनिक वायुदाबमापक बसवले गेले. १८२४ मध्ये स्थापन झालेली ब्रिटनची जीवरक्षक नौका संस्था (आजची रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन) देणग्या आणि स्वयंसेवक यांच्या बळावर चालते. तिने दीर्घकाळ विनामूल्य काम करणाऱ्या मानद सचिवांना कोरीव मजकुराचा वायुदाबमापक देऊन गौरवले आहे. इतरांचा जीव वाचावा म्हणून ज्याने आभाळावर नजर ठेवली, त्याच्या हाती आभाळ वाचणारे यंत्र द्यावे, यात मोठे औचित्य आहे. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात सिरोपा (मानाचे वस्त्र) देतात, मराठवाड्यातील समारंभांत शाल, श्रीफळ आणि मानपत्र देतात. तिथे मान खांद्यावर ठेवला जातो. वायुदाबमापकाच्या भेटीत तो रोज वापरायच्या वस्तूत असतो.

नांदेड-लातूरमधील वाचन : समुद्रसपाटीपासून नांदेड सुमारे ३६० मीटर, तर लातूर सुमारे ६३० मीटर उंच आहे. उंची वाढते तसा दाब घटतो. समुद्रसपाटीवरील सरासरी दाब सुमारे १०१३ हेक्टोपास्कल धरल्यास तो नांदेडला ९७०, तर लातूरला ९४० च्या आसपास येतो. जुन्या तबकड्यांवर पाऱ्याच्या २८ इंचांपाशी ‘स्टॉर्मी’, २९ पाशी ‘रेन’ आणि ३० पाशी ‘फेअर’ असे शब्द असतात. समुद्रसपाटीसाठी लावलेला काटा लातूरला २७.७ इंचांजवळ, म्हणजे कोरड्या उन्हातही ‘स्टॉर्मी’च्या खाली राहील, नांदेडला तो ‘रेन’च्याही मागे दिसेल. निर्द्रव उपकरणाच्या मागील स्क्रू हळू फिरवून काटा जवळच्या वेधशाळेच्या समुद्रसपाटीला आणलेल्या आकड्याशी जुळवतात. लातूरच्या उंचीएवढी दुरुस्ती मात्र साध्या उपकरणांना पेलेलच असे नाही. अशा वेळी शब्द सोडून केवळ चढ-उतार टिपावा.

त्यातही एक सावधगिरी हवी. दख्खनमध्ये दाब रोज दोनदा वर-खाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास तो सर्वाधिक आणि दुपारी चारच्या सुमारास कमी असतो. फरक तीन-चार हेक्टोपास्कलांचा पडू शकतो. म्हणून दुपारी काटा उतरला की पाऊस आलाच, असे समजू नये. आजचे वाचन कालच्या त्याच वेळेच्या वाचनाशी ताडावे. बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा जवळ येतो तेव्हा ही घसरण दिवसभर टिकते. भूकंपाची सूचना मात्र या यंत्रातून मिळत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपासारख्या आपत्तीचा हवेच्या दाबाशी संबंध नसतो.

जतन : पाऱ्याचे उपकरण एकदम आडवे करू नये. ते हळूहळू कलते करावे, नळी पाऱ्याने पूर्ण भरू द्यावी आणि मगच हलवावे. पारा विषारी आहे, सांडलेला पारा हाताने गोळा करू नये. कोरीव मजकूर घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. नाव, वर्ष आणि सेवेचे कारण त्या अक्षरांतच राहिलेले असते. ती झिजली की यंत्र उरते, पण कोणाच्या कष्टांची ती आठवण होती हे हरवते.