पावसाळ्यातील विस्तव : महाड-पोलादपूर परिसराच्या सामाजिक इतिहासातील एक दुर्लक्षित अंग

प्रस्तावना

महाडच्या इतिहासातील सर्वपरिचित अग्नी म्हणजे २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली झालेले मनुस्मृतीचे दहन होय. या अग्नीचा इतिहास लिहिला गेला आणि तो लिहिला जाणे आवश्यकच होते. मात्र याच परिसरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, संततधार पावसात आणि सोसाट्याच्या वाऱ्यात, शेताच्या बांधावर, गुरांच्या वाड्यात, गडाच्या पहाऱ्यावर आणि स्मशानात जो विस्तव शतकानुशतके पेटविला गेला, त्याची नोंद इतिहासलेखनात क्वचितच आढळते. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा प्रदेशात विस्तव पेटविणे ही क्षुल्लक बाब नव्हती. हा प्रश्न ठिणगीचा नसून कोरडेपणा साठविण्याचा होता आणि त्या साठवणुकीमागे श्रम, शिस्त व जंगलावरील हक्क उभे होते, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

गडावरील कोरडेपणा

सुमारे ८२० मीटर उंचीचा रायगड पावसाळ्यात दिवसेंदिवस ढगात असतो. १६८९ मध्ये मोगलांनी या गडाला घातलेला वेढा मार्च महिन्यात सुरू झाला व नोव्हेंबरमध्ये गड पडला. म्हणजे संपूर्ण पावसाळा वेढ्यात गेला. त्या काळातील तोड्याची बंदूक जळत्या दोरीने डागली जात असे. दोरी विझली किंवा दारू सर्दावली की बंदूक ही केवळ काठी उरे. याउलट १८१८ मध्ये इंग्रज सैन्याने मे महिन्यात, म्हणजे पावसाच्या तोंडावर, रायगडावर तोफांचा मारा केला. त्या माऱ्याने लागलेल्या आगीत गडावरील इमारती भस्मसात झाल्या आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या हाती गेला. एकाच गडाच्या या दोन प्रसंगांवरून ऋतू आणि अग्नी यांचा संबंध ध्यानात येतो.

हा संबंध मराठी राज्यकर्त्यांना पूर्णपणे ज्ञात होता. सन १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरणात दारूखान्याविषयी तपशीलवार सूचना आहेत. दारूखाना वस्तीपासून दूर व घरांच्या वाऱ्याखाली येणार नाही असा असावा, त्याला तळघर असावे, दारूची मडकी जमिनीवर न ठेवता माचावर ठेवावीत, त्यांना सर्दी लागू देऊ नये आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू व बाण बाहेर काढून, उष्णता देऊन पुन्हा मोहोरबंद करावेत, असा त्यांचा आशय आहे. कोरडेपणा एकदा साधून भागत नाही, तो पुन्हा पुन्हा राखावा लागतो, ही जाणीव येथे प्रशासकीय नियमाच्या रूपात दिसते.

छावणीतील आगट्या

दुसरे महत्त्वाचे साधन म्हणजे पोलादपूरहून कशेडी घाट उतरून खेडमार्गे गाठता येणाऱ्या चिपळूणच्या परिसरातील. तेथे पावसाळ्यासाठी छावणी केलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना राज्याभिषेकाच्या सुमारास शिवकालीन शासनाने पाठविलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात न लावण्याविषयीच्या आज्ञेसाठी ते सामान्यतः उद्धृत केले जाते. परंतु त्याच पत्रात अग्नीविषयीही विस्तृत ताकीद आहे. कोणी आगट्या पेटवतील, कोणी भलत्याच जागी चुली करतील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेतील. गवत पडले आहे की वारा सुटला आहे, याचा विचार करणार नाहीत आणि एका खणाला लागलेली आग सर्व छावणी खाऊन टाकील, अशी चिंता तेथे व्यक्त होते. रात्री जळता ठेवलेला दिवा व त्याची वात ओढून नेणारा उंदीर यांचाही उल्लेख आहे.

या ताकिदीचा अर्थ केवळ अग्निसुरक्षेपुरता मर्यादित नाही. पावसाळ्यात छपराखालील कोरडे गवत हीच सैन्याची संपत्ती होती. ते जळाले तर बाहेरच्या ओल्या सृष्टीतून ते पुन्हा मिळणार नव्हते. मग घोडी मरणार आणि सैनिक रयतेवर तुटून पडणार, ही कार्यकारणपरंपरा पत्रलेखकाने अचूक ओळखली होती. शासन आगीच्या भयाविषयी बोलते. ओल्यात आगटी कशी पेटवावी याविषयी मात्र बोलत नाही. ते ज्ञान सैनिकांना घरूनच आलेले असावे.

गावातील विस्तव

त्या घरगुती ज्ञानाची साधने दप्तरांत नसून भाषेत आणि व्यवहारात आहेत. पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीच्या काळाला कोकणात ‘आगोट’ म्हणतात. आगोटीच्या आत फाटी आणि शेणी माळ्यावर किंवा पडवीत रचल्या जात. चुलीवरील माळ्यावरची फाटी रोजच्या धुराने व उष्णतेने सुकत राहत. यामागील तत्त्व साधे आहे. लाकडातील पाणी वाफ होऊन जाईपर्यंत त्याचे तापमान शंभर अंशांपलीकडे फारसे चढत नाही, आणि लाकूड पेटण्यास सुमारे तीनशे अंश लागतात. वाराही दुधारी असतो : लहान ज्योत तो विझवितो आणि मोठा जाळ भडकवितो. म्हणून बांधावरची आगटी दगडाच्या किंवा दरडीच्या आडोशाला, इरल्याखाली जपत, बारीक काटक्यांनी सुरू केली जाई आणि जाळ धरल्यावरच तिच्यावर ओंडका ठेवला जाई. ओली फाटी जाळाभोवती रचून ठेवली की पुढच्या वेळेचे सरपण तेथेच सुके.

तरीही नवा विस्तव पेटविण्यापेक्षा जुना जपणे सोपे होते. चकमक दमट हवेत दगा देई. एकोणिसाव्या शतकात आलेली आगपेटी सर्वत्र स्वस्त झाल्यावरही ओलीने तिचा गुल व घासपट्टी मऊ पडत असे. म्हणून रात्री निखारा राखेत पुरणे हे घरातील स्त्रीचे नित्यकर्म होते. तो विझलाच तर शेजारून विस्तव आणला जाई. दोन घरांमधून ‘विस्तव जात नाही’ हा वाक्प्रचार वैर सांगतो, तेव्हा या देवघेवीची आठवणही करून देतो. मात्र ही देवघेव जातीच्या सीमा ओलांडत नव्हती. ज्या समाजाला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला, त्याला सवर्णांच्या चुलीतील निखारा सहज मिळत असेल, असे मानता येत नाही.

सरपण आणि जंगल

कोरडेपणाचे मूळ अखेर जंगलात होते. भाताची रोपे तयार करण्याची जागा पावसापूर्वी शेण, पालापाचोळा व टहाळ पसरून भाजण्याच्या पद्धतीस ‘राब’ म्हणतात. राबाचा टहाळ आणि चुलीची फाटी एकाच रानातून येत. १८७८ च्या वन कायद्यानंतर या तोडीवर निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोषामुळे १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यातच होते. त्या वादात राबाचा प्रश्न शेतीचा म्हणून मांडला गेला. परंतु उन्हाळ्यात फाटी न मिळणे म्हणजे पावसाळ्यात चूल न पेटणे होय. हा भार स्त्रिया, कातकरी आणि भूमिहीन यांच्यावर पडत होता. ज्याच्या घराला माळा नाही, त्याला आगोटही नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, शासनाने दारू व गवत यांच्या निमित्ताने कोरडेपणाचे नियम लिहिले, तर गावाने तेच नियम न लिहिता पाळले. पहिल्याचा इतिहास उपलब्ध आहे. दुसऱ्याचा वेगाने लोपत आहे. २०१६ पासूनच्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांतील स्त्रियांची धुरातून सुटका केली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. त्या धुराचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तथापि जुलै २००५ मध्ये दासगाव व जुई येथे आणि २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरडी कोसळल्या. तळीये येथे ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्याच दिवसांत महाड शहर पुराखाली होते. रस्ता, वीज आणि सिलिंडर एकाच वेळी तुटतात, तेव्हा गारठलेल्या माणसाला ऊब आणि मृताला अग्नी देण्यासाठी पुन्हा कोरडे लाकूडच लागते. ते कोठे, कोणी आणि कसे राखून ठेवावे, हा प्रश्न या तालुक्यांत आपत्तिव्यवस्थापनाचाही आहे. जी पिढी राखेत निखारा पुरत होती ती अद्याप आपल्यात आहे. तिच्या स्मृतींचे पद्धतशीर संकलन स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विनाविलंब हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते.