गावाचा अधिकार कुणाच्या हाती? अल्लीपूरच्या निमित्ताने

१/ वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर. येथील सरपंच पूर्वी ग्रामपंचायतीचे सदस्य निवडत. २०१७ साली राज्याने ती निवड थेट मतदारांकडे दिली, २०२० साली पुन्हा सदस्यांकडे आणि २०२२ साली पुन्हा मतदारांकडे. नियम तीनदा बदलला. त्यासाठी कोणत्याही ग्रामसभेची संमती आवश्यक नव्हती.

२/ असे का? भारत संघराज्य आहे, हे केंद्र आणि राज्ये यांच्यापुरते खरे. 'स्थानिक शासन' हा विषय घटनेच्या राज्यसूचीत आहे. त्यामुळे राज्य आणि गाव यांचे नाते बव्हंशी एकात्म शासनपद्धतीचे ठरते.

३/ एकात्म पद्धतीतही खालच्या स्तरावर संस्था असतात. मात्र त्यांचे अधिकार वरून सोपवलेले असतात आणि देणारा ते परत घेऊ शकतो. ब्रिटिश संसदेने १९८६ साली राजधानीची निर्वाचित ग्रेटर लंडन कौन्सिलच संपुष्टात आणली.

४/ हिंगणघाटनेही हे पाहिले आहे. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९४८ च्या कायद्याने तहसीलवार 'जनपद सभा' स्थापल्या. १९५६ साली वर्धा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा कायदा झाला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि जनपद सभा इतिहासजमा झाल्या.

५/ याच जिल्ह्यातील सेवाग्राम येथे १९३६ पासून राहिलेल्या गांधीजींना गाव हा सत्तेचा पाया हवा होता. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत याच्या विरुद्ध भूमिका मांडली : घटनेचा घटक गाव नव्हे, व्यक्ती. जातीने जखडलेल्या गावाच्या हाती सत्ता देण्याचा धोका त्यांना दिसत होता. अखेर पंचायती अनुच्छेद ४० मध्ये, न्यायालयाकरवी अंमलात न आणता येणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत, स्थिरावल्या.

६/ २४ एप्रिल १९९३ रोजी ७३ वी घटनादुरुस्ती अंमलात आली. दर पाच वर्षांनी निवडणूक, विसर्जनानंतर सहा महिन्यांत नवी पंचायत, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना आरक्षण, ही बंधने राज्यांवर आली. पंचायतींसाठी २९ विषयांची यादीही झाली. पण त्यांतील किती सोपवायचे, हे विधिमंडळावर सोडले गेले.

७/ म्हणून अल्लीपूरच्या पंचायतीचे अस्तित्व आज घटनेने राखले आहे. तिच्या हाती काय द्यायचे, हे मात्र अजूनही मुंबईत ठरते.