खामगाव : कापसाच्या बाजारामागची वस्ती

आता खामगावकडे येऊ. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८७० साली व्हाईसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली. जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा! तो आला आधी गाठींसाठी, मग माणसांसाठी.

बाजार, जीन आणि प्रेसच्या आधारानं मजुरांची वस्ती वाढली. जीनमध्ये रुईपासून सरकी वेगळी होते, प्रेसमध्ये गाठ बांधली जाते. पण हे काम हंगामी. दिवाळीनंतर यंत्रं धडधडायची, उन्हाळ्यात थंडावायची. पावसाळ्यात तोच मजूर निंदणाला शेतात. म्हणून मुंबईच्या गिरणगावाचं माप इथं लावता येत नाही.

बाजारासाठी कायदा आला १८९७ मध्ये. हमालासाठी खास कायदा, म्हणजे माथाडी कायदा, आला १९६९ मध्ये. मधली बहात्तर वर्षं बघा! कापसाचा भाव वहीत सापडतो. गाठ पाठीवर वाहणाऱ्याचं नाव क्वचितच. ते म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे. आज घरी गेल्यावर त्यांना विचारा, आणि लिहून ठेवा.