दब्तरा आणि दफ्तर : इथिओपियातील चर्मपटांविषयी एक टिपण

मराठीतील ‘दफ्तर’ हा शब्द फारसीतून आला, हे सर्वश्रुत आहे. त्याचे मूळ ग्रीक ‘दिफ्थेरा’, म्हणजे जनावराचे कातडे, या शब्दात आहे याचे स्मरण मात्र क्वचितच ठेवले जाते. त्याच ग्रीक शब्दापासून गीझ भाषेतील ‘दब्तरा’ हा शब्द व्युत्पन्न झाला असे मानतात. गीझमध्ये त्याचा अर्थ तंबू, देवनिवासाचा मंडप असा आहे. पुढे तो इथिओपियन ख्रिस्ती धर्मसंस्थेतील एका विद्वान वर्गास लागला. दब्तरा हा दीक्षित पुरोहित नव्हे. स्तोत्रगायन, लेखन व उपचार ही त्याची क्षेत्रे होत, आणि रोगनिवारणाचे चर्मपट लिहिणारा व रंगविणाराही बहुधा तोच.

शेळीचे वा मेंढीचे कातडे भिजवून लाकडी चौकटीवर ताणावयाचे, खरवडून गुळगुळीत करावयाचे आणि त्याच्या अरुंद पट्ट्या एकमेकींस शिवावयाच्या, अशी ही कृती आहे. परंपरेनुसार पटाची लांबी धारकाच्या उंचीइतकी असावी लागते. मस्तकापासून पावलांपर्यंत त्याचे रक्षण व्हावे हा हेतू. प्रार्थना काळ्या शाईने लिहितात. पवित्र नामे आणि धारकाचे बाप्तिस्म्याचे नाव तांबड्या शाईने. बालघातकी वर्झेल्या व तिचा संहार करणारा संत सुसेन्योस यांची कथा अनेक पटांवर आढळते. अर्थात असे पट बहुशः स्त्रियांसाठी केलेले असतात.

मजकुराच्या मध्ये येणारी चित्रे थोडीच : खड्गधारी देवदूत, अष्टकोनी तारा, त्याच्या मध्यभागी मुख, आणि सर्वत्र डोळे. इथिओपियातील ग्रंथचित्रांत पुण्यात्म्याचे मुख दोन्ही डोळ्यांसह समोरून व दुष्टाचे एका बाजूने काढण्याचा संकेत आहे. पटावर तर डोळाच प्रधान ठरतो. त्याची दृष्टी पडताच पीडा देणारे भूत पळते, अशी श्रद्धा आहे.

झाक मर्सिए यांच्या १९७९ च्या ग्रंथापासून या चित्रांकडे कलाभ्यासकांचे लक्ष अधिक वेधले गेले, हे इष्टच झाले. तथापि चित्र मजकुरापासून तोडून पाहण्याची रीत या पटांस लावणे गैर आहे. कातडे, अक्षर व डोळा हे तिन्ही एकाच देहाच्या मापाने योजलेले असतात. उपलब्ध पटांपैकी बहुतेक १८ व्या ते २० व्या शतकांतील आहेत. त्यांतील कित्येकांवर मूळ धारकाचे नाव खरवडून तेथे दुसऱ्याचे नाव घातलेले दिसते. पट हस्तांतरित झाला, नाव बदलले. लांबी मात्र पहिल्या धारकाच्या मापाची राहिली.