वाऱ्याला वाट देणारा पंखा

नाशिकला गोदावरी आहे, समुद्र नाही. गोदामाईचे पाणीही सह्याद्रीला पाठ फिरवून पूर्वेकडे जाते. तरीही या शहराच्या इतिहासाची एक वाट थेट पश्चिम समुद्रावर उतरते. शरणपूर रोडने रोज ये-जा करणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते, की या रस्त्याला ज्या वस्तीने नाव दिले त्या वस्तीत एके काळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेली मुले राहत, शिकत आणि मराठी बोलत. ती इथवर कशी पोहोचली, हे समजून घ्यायचे तर जहाजाच्या पिछाडीला, पाण्याखाली फिरणाऱ्या एका पंख्याची हकिगत सांगावी लागते. शिडाच्या नौकेला इंजिनाची जोड देताना पंखा कसा निवडावा, हा प्रश्न वरवर पाहता कारागिराचा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर कधी काळी माणसांची सुटका अवलंबून होती, आणि आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांचा संसार आजही अवलंबून आहे.

आरंभ मुंबईपासून करू. 1829 मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट तयार झाली. तिचे वजन 411 टन होते आणि 80 अश्वशक्तीची दोन इंजिने तिला बसवली होती. 20 मार्च 1830 रोजी ती सुएझकडे निघाली. साडेपाच दिवसांच्या कोळशासाठी बांधलेल्या त्या बोटीवर जवळजवळ दुप्पट कोळसा लादावा लागला. माणसांच्या जागेत कोळसा, फळीवर कोळसा, आणि बोट पाण्यात खोल रुतलेली. एडनला पोहोचली तेव्हा काही तासांपुरताच कोळसा शिल्लक होता. पुढची कित्येक दशके जहाजबांधणी करणाऱ्यांना याच अडचणीने छळले. इंजिन होते, पण त्याची भूक भागवता येत नव्हती. म्हणून डोलकाठी आणि शीड कायम राहिले. वारा असेल तेव्हा शिडावर जायचे आणि वारा पडला किंवा बंदरात शिरायचे असले की बाष्प करायचे, असा व्यवहार रूढ झाला. अशा नौकेत इंजिन हा धनी नसून मदतनीस असतो.

पण मदतनीस म्हणून बाजूंना बसवलेली चाके फार गैरसोयीची ठरली. शिडाची नौका वाऱ्याने एका अंगाला कलली, की एक चाक पाण्यात बुडे आणि दुसरे हवेत फिरे. कोळसा भरलेला असताना चाके फार खोल जात आणि कोळसा संपत आला की वर येत. वारा चांगला असताना ती पाण्यात नुसती आडवी येत.

यावर उपाय शोधणाऱ्यांपैकी एक होता फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा इंग्लिश शेतकरी. 1836 मध्ये त्याने मळसूत्री पंख्याचे पेटंट घेतले. पुढल्या वर्षी लंडनच्या कालव्यात त्याच्या लहानशा बोटीची चाचणी चालू असताना एक नवल घडले. लाकडी मळसूत्राला दोन पूर्ण वेढे होते. पाण्यातल्या अडथळ्याला धडकून त्याचा जवळपास अर्धा भाग तुटून पडला, आणि बोट थांबण्याऐवजी अधिक वेगाने धावू लागली! स्मिथने त्या अपघाताचा अर्थ ओळखला आणि पुढचे मळसूत्र एकाच वेढ्याचे केले. पंख्याच्या बाबतीत अधिक म्हणजे चांगले असे नाही, हा पहिला धडा अशा रीतीने मोडतोडीतून मिळाला. 1845 मध्ये ब्रिटिश आरमाराने मळसूत्री पंख्याची ‘रॅटलर’ आणि चाकांची ‘अलेक्टो’ यांना पाठीला पाठ लावून दोराने बांधले व विरुद्ध दिशांना ओढायला लावले. ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला मागे ओढत नेले. पंख्याच्या बाजूने लोकमत वळवायला हा देखावा पुष्कळ उपयोगी पडला.

मात्र पंखा आला आणि नवी अडचण घेऊन आला. इंजिन बंद करून शिडावर निघाले, की तोच पंखा पाण्यात अडसर होऊन बसे. यावर तीन उपाय निघाले. पहिला, पंखा विहिरीसारख्या पोकळीतून वर उचलून घेणे. ‘ग्रेट ब्रिटन’ या प्रसिद्ध लोखंडी जहाजाला 1850 च्या दशकात असा उचलता येणारा पंखा बसवला गेला. हेच जहाज 1857 च्या अखेरीस इंग्रजी घोडदळाच्या तुकड्या घेऊन मुंबईला आले होते. 1860 च्या ‘वॉरिअर’ या युद्धनौकेचा पंखा उचलायला शेकडो खलाशी दोरखंडाला लागत. दुसरा उपाय, पंख्याला दोनच पाती ठेवून शिडावर जाताना ती उभी करायची, म्हणजे ती पिछाडीच्या खांबामागे लपतात. तिसरा उपाय, पाती प्रवाहाच्या दिशेने वळवता किंवा मिटवता येतील अशी करणे. आजच्या शिडाच्या नौकांवर जे मिटणारे आणि वळणारे पंखे दिसतात, त्यांचे मूळ या एकोणिसाव्या शतकातील खटपटीत आहे.

आता नाशिकच्या मुलांकडे वळू. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांनी भरलेली अरबी गलबते मोसमी वाऱ्याबरोबर उत्तरेकडे निघत. त्यांना अडवण्यासाठी ब्रिटिश आरमाराच्या नौका गस्त घालीत. महिनोन्‌महिने बाष्पावर राहणे परवडणारे नसल्यामुळे ही गस्त बहुतांशी शिडावर चाले आणि पाठलागाच्या वेळी बाष्प केले जाई. शिडावर असताना आड न येणारा आणि घटकेला हाक देताच उपयोगी पडणारा पंखा या नौकांना का हवा होता, हे वेगळे सांगायला नको. वारा पडला की गलबत जागच्या जागी थांबे, पंख्याची नौका मात्र पुढे सरके. सोडवलेल्या मुलांपैकी काही मुंबईस आणली गेली. चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने नाशिकजवळ वसवलेल्या शरणपुरात 1860 च्या सुमारास त्यांची सोय झाली. तेथे ती अक्षरे शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली.

त्याच सुमारास एका लहानशा आगबोटीचा या मुलांच्या कथेशी संबंध आला. डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी स्वतःच्या पैशाने ‘लेडी न्यासा’ ही 115 फूट लांबीची बोट आफ्रिकेतील सरोवरासाठी बांधून घेतली होती. मोहीम गुंडाळावी लागली तेव्हा ती विकणे भाग होते. पण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ती विकली तर गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडेल, ही भीती होती. म्हणून 30 एप्रिल 1864 रोजी झांजिबारहून जेमतेम चौदा टन कोळसा घेऊन ते स्वतःच तिचे कप्तान झाले आणि मुंबईकडे निघाले. अंतर अडीच हजार मैलांचे. सोबत तीन युरोपीय, समुद्र न पाहिलेले सात आफ्रिकी खलाशी आणि दोन मुले. तीन आठवड्यांहून अधिक काळ वारा पडून राहिला. डोक्यावर पावसाळा येऊन ठेपलेला. तो चिमूटभर कोळसा कुठे जाळावा आणि कुठे राखावा, याचा हिशेब रोज करावा लागला असणार. 45 दिवसांनी, 13 जून रोजी, बोट मुंबई बंदरात शिरली. ती इतकी लहान होती, की तिच्याकडे कोणाचे लक्षही गेले नाही.

त्या दोन मुलांपैकी एक चुमा. पुढे 1866 मध्ये लिव्हिंग्स्टन अखेरच्या मोहिमेवर गेले तेव्हा चुमा, ‘लेडी न्यासा’वरून आलेला सुसी आणि नाशिकच्या शाळेतील नऊ तरुण त्यांच्यासोबत होते. 1872 मध्ये मागाहून जाऊन मिळालेल्या तुकडीत नाशिकमध्येच शिकलेला जेकब वेनराइट होता. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन निवर्तले तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली आणि झाडाच्या खोडावर त्यांचे नाव कोरले. गोदाकाठी गिरवलेली अक्षरे आफ्रिकेच्या अरण्यात अशी उमटली.

पुढे इंजिने सुधारली, मोठ्या जहाजांवरून शिडे उतरली, आणि पंख्याने शिडाला वाट देण्याचा प्रश्न तेथे संपला. परंतु आपल्या किनाऱ्यावर तो विसाव्या शतकाच्या मध्याला पुन्हा उभा राहिला. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, म्हणजे 1951 नंतर, मासेमारी होड्यांना डिझेल इंजिने बसवण्यास सरकारी उत्तेजन मिळू लागले. वसई, अर्नाळा, उत्तन, सातपाटी येथील होड्या शिडाच्या आणि वल्ह्यांच्या होत्या. सुरुवातीला कित्येकांनी इंजिन घेतले तरी शीड उतरवले नाही. डिझेलला पैसे पडत, वारा फुकट होता. मग पिछाडीच्या लाकडात खाच पाडून पंखा बसवायचा, पण तो केवढा?

तरुणपणी किनाऱ्यावरील एका धर्मग्रामात सेवेला असताना मी हा प्रश्न एका वृद्ध मिस्त्रीला विचारला होता. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, “फादर, मोठा पंखा घातला की होडी जोरात जाते, असं सगळ्यांना वाटतं. पण इंजिनाला कोणी विचारतं का?” एका नाखव्याने शेजाऱ्याच्या होडीचा पंखा पाहून तेवढाच मोठा आपल्या लहान इंजिनाला बसवला. इंजिनाचे फेरे पुरे होईनात, नळीतून काळा धूर निघू लागला, डिझेल वाढले. भर ओहोटीत खाडीच्या तोंडाशी इंजिन तापून बंद पडले, आणि शीड तर त्याने घरी ठेवले होते! सुदैवाने दुसऱ्या होडीने दोर टाकला. त्या दिवसापासून तो नाखवा मिस्त्रीला विचारल्यावाचून एक खिळाही ठोकीत नसे.

मिस्त्रींच्या सांगण्यामागचा हिशेब वाचकांनी समजून घेण्याजोगा आहे. पंख्याला दोन मापे असतात. एक व्यास आणि दुसरे पिच, म्हणजे लाकडात स्क्रू शिरावा तसा पंखा घट्ट पदार्थात फिरला तर एका फेऱ्यात जेवढा पुढे जाईल ते अंतर. समजा, इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेते आणि गिअरमुळे पंख्याचे 1000 होतात. पिच 12 इंच, म्हणजे एक फूट. मग तासाला 60,000 फूट, सुमारे पावणेदहा सागरी मैल, अंतर कागदावर कापले जाते. पण पाणी लाकडासारखे घट्ट नाही, ते सरकते. त्यात चाळीस टक्के हरवले तर सहा मैलांच्या आसपास उरतात, आणि पंचवीस फुटांच्या जड होडीला तेवढे पुरे असते. पिच फार वाढवले तर इंजिन दमते, फार कमी केले तर इंजिन नुसते भिरभिरते आणि होडी रेंगाळते. जड आणि सावकाश होडीला मोठ्या व्यासाचा, संथ फिरणारा पंखा मानवतो. मात्र पात्याचे टोक आणि तळाचे लाकूड यांत पुरेसे अंतर सोडावे लागते, नाही तर पंख्याच्या धक्क्यांनी सारी होडी थरथरते.

आणि शीड राखायचे असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. तीन पात्यांचा पंखा इंजिनावर चांगला चालतो, मागे घेताना चांगला थांबवतो, पण शिडावर असताना अर्ध्या ते एका मैलाचा वेग खाऊन टाकतो. दोन पात्यांचा पंखा इंजिनावर थोडा उणा पडतो, पण शिडाला वाट देतो. मिटणारा पंखा सर्वांत कमी आड येतो, पण तो महाग असतो, त्याची निगा राखावी लागते, आणि जाळ्याचा दोर किंवा शंखशिंपले त्याच्या सांध्यात बसले तर नेमक्या वेळी तो उघडत नाही. म्हणून एकच पंखा सर्वांना लागू पडत नाही. ही होडी बहुधा कशावर चालणार आणि संकटाच्या घडीला कशावर विसंबणार, एवढे आधी ठरवावे लागते.

आपल्या कोळी बांधवांनी हा निर्णय हळूहळू इंजिनाच्या बाजूने दिला. बर्फ, दूरचे पाणी आणि बाजाराची वेळ यांपुढे शीड टिकले नाही. त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. पण जुनी विद्या पश्चिम किनाऱ्यावरून नाहीशी झाली असेही नाही. मुंबईच्या सुतारांनी सागवानात घडवलेली ‘सुहेली’ 1964 मध्ये पाण्यात उतरली. तिच्यावरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये 312 दिवसांत, कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिलेच. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये आणि अभिलाष टोमी यांनी 2012-13 मध्ये, तेही न थांबता, एकट्याने जगाला फेरी घातली. अशा न थांबता केलेल्या सफरीत पुढे जाण्यासाठी इंजिन वापरायचे नसते. तेव्हा महिनोन्‌महिने पंख्याने करायचे काम एकच, आड न येणे.

त्या मिस्त्रींची एक लकब मला अजून आठवते. दोन पात्यांचा पंखा बसवला, की ते होडीच्या आत शाफ्टवर पांढऱ्या रंगाची एक खूण करीत. ती खूण वर आली की बाहेर, पाण्याखाली, पाती खांबामागे उभी झालेली असत. मग शीड वर चढवायचे. “खूण वर असली म्हणजे पंखा आता गप्प आहे,” ते म्हणत. शरणपूर रोडने जाताना मला कधी कधी ती खूण आठवते. वारा असताना गप्प राहणारा आणि वारा पडताच उठून कामाला लागणारा असाच एखादा पंखा त्या मुलांच्या गलबतामागे पाण्याखाली फिरला असेल.